पायथॉन ३.१०.६ वरून ३.१०.७ वर गेलो आणि चोविसावी मर्सेन मूळ संख्या छापेना

अंकपंक्ती (प्रश्न)

मंडळी, पायथॉनबद्दल एक अडचण आहे. मी पदवीच्या मुलांना गणित शिकवतो. मर्सेन मूळ संख्यांसाठी माझा एक छोटा प्रोग्रॅम आहे. २, ३, ५, ७, १३ असे घातांक एकेक करून घ्यायचे, दोनचा तो घात वजा एक ही संख्या पूर्ण छापायची आणि खाली तिच्यात किती अंक आहेत ते लिहायचं. पडदाभर अंक येऊ लागले की मुलं पुढे सरकून बघतात, म्हणून तो प्रोग्रॅम मला फार जवळचा आहे.

प्रयोगशाळेतल्या संगणकांवर ३.१०.६ होतं, ते ३.१०.७ झालं. आता घातांक ११२१३ पर्यंत सगळं सुरळीत चालतं, ३३७६ अंकांची तेविसावी संख्या छापली जाते. पुढचा घातांक १९९३७ आला की प्रोग्रॅम व्हॅल्यूएरर देऊन थांबतो. संदेशात पूर्णांकाचं स्ट्रिंग (म्हणजे छापण्याजोगा मजकूर) करण्याची ४३०० अंकांची मर्यादा ओलांडली असं काहीतरी आहे. प्रोग्रॅममधली एक ओळही बदललेली नाही.

पायथॉनच्या पूर्णांकाला मर्यादा नसते, मेमरी पुरेल तेवढा तो मोठा होतो, असंच आम्ही शिकवत आलो. मग हा बग समजायचा का? आणि आवृत्तीचा तिसरा आकडा म्हणजे फक्त दुरुस्त्या ना? त्यात चालू गोष्ट बंद कशी पडते? एक सहकारी म्हणतात, ३.१०.६ परत टाका आणि विषय संपवा.

जुनी_लायब्ररी

बग नाही, जाणूनबुजून केलेला बदल आहे. आणि कृपा करून ३.१०.६ वर परत जाऊ नका.

आधी तुमच्या संख्येबद्दल. ती जशीच्या तशी शाबूत आहे. एक्स = २**१९९३७ - १ एवढंच लिहून बघा, काही तक्रार येणार नाही. एक्स % १०, म्हणजे शेवटचा अंक विचारा, १ मिळेल. बिट_लेंथ, म्हणजे दोनच्या पायात किती अंक, विचारा, १९९३७ मिळेल. हेक्स(एक्स), म्हणजे सोळाच्या पायातलं रूप छापा, तेही छापलं जाईल: सुरुवातीला एक १ आणि त्यामागे ओळीने ४९८४ एफ (एफ म्हणजे तिथला पंधरा). मुलांना हे जरूर दाखवा, दशमान रूपात ही संख्या इतकी देखणी कधीच दिसत नाही. तेव्हा पूर्णांकाला मर्यादा नाही हे तुमचं वाक्य आजही खरं आहे. मर्यादा आली आहे ती दशमान अंकांची स्ट्रिंग करण्यावर आणि तशा स्ट्रिंगचा पूर्णांक करण्यावर.

हेक्स चालतं आणि दशमान नाही, याचं कारण तुम्हाला गणिती म्हणून आवडेल. पायथॉन मोठा पूर्णांक बिटांच्या गठ्ठ्यांत ठेवतो. पाया २, ८ किंवा १६ असेल तर तेच बिट नव्याने गटांत पाडायचे, काम संख्येच्या लांबीइतकंच. पाया १० असेल तर प्रत्येक गठ्ठ्याचा परिणाम सगळ्या अंकांवर होतो, त्यामुळे या आवृत्त्यांत अंक दुप्पट झाले की काम चौपट होतं. १ हा अंक ओळीने पाच लाख वेळा लिहून इंट() ला, म्हणजे स्ट्रिंगचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला, दिला, तर चांगल्या वेगवान प्रोसेसरलाही एक सेकंदाहून जास्त वेळ लागतो.

वर्गात एका सेकंदाने काही बिघडत नाही. पण हेच इंट() सर्व्हरवर बाहेरून आलेल्या मजकुरावर चालतं. जेसनमध्ये (माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याची एक पद्धत) कोणीतरी लाखो अंकांची एक संख्या घालून पाठवली, की प्रोसेसर तिच्यातच गुंतून पडतो, आणि अशा मोजक्या विनंत्यांवर अख्खी सेवा लटकते. पाठवणाऱ्याला खर्च काहीच नाही. सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत या दोषाची नोंद सीव्हीई-२०२०-१०७३५ या क्रमांकाने आहे. उपाय सप्टेंबर २०२२ मध्ये ३.१०.७, ३.९.१४, ३.८.१४ आणि ३.७.१४ अशा चारही आवृत्त्यांत एकदमच आला, आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.११ मध्ये तो पहिल्यापासून आहे.

तिसऱ्या आकड्यात वागणूक बदलू नये हा नियम आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. सुरक्षेचं कारण मात्र त्याला अपवाद ठरतं, आणि ठरायलाच हवं. मर्यादा ऐच्छिक ठेवली असती तर ज्यांना या धोक्याची कल्पनाच नाही त्यांनी ती कधीच लावली नसती, आणि खरी गरज त्यांनाच होती. तरी मोठ्या संख्यांवर काम करणाऱ्यांची नाराजी मला रास्त वाटते. सुरक्षेचा मामला म्हणून आधी खुली चर्चा फारशी झाली नाही आणि अनेकांना बदल कळला तो प्रोग्रॅम थांबल्यावर. मर्यादा हवीच होती, पण ती येतेय हे सांगायला आणखी मोठा आवाज लावायला हवा होता.

आता तुमचं काम. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सिस हे मॉड्यूल आयात करून सिस.सेट_इंट_मॅक्स_स्ट्र_डिजिट्स(७०००) लिहा. १९९३७ ला ६००२ अंक लागतात, सव्विसावी २३२०९ वाली ६९८७ अंकांची आहे, म्हणजे तिथपर्यंत भागेल. सत्ताविसाव्या ४४४९७ ला १३३९५ अंक आहेत, ती हवी असेल तर १४००० करा. शून्य दिलं तर मर्यादा पूर्ण उठते, पण गरजेपुरती वाढवणं केव्हाही बरं. ६४० पेक्षा लहान आकडा, शून्य सोडून, चालत नाही.

हे सेटिंग प्रोग्रॅम चालवणाऱ्या अख्ख्या इंटरप्रिटरला लागू होतं, एखाद्या फंक्शनपुरतं नाही. त्यामुळे ते मुख्य प्रोग्रॅममध्येच लिहा. इतरांना वापरायला दिलेल्या मॉड्यूलमध्ये लिहिलंत, तर ते मॉड्यूल आयात करणाऱ्याच्या सर्व्हरचं कवच तुम्ही त्याला न विचारता काढून घेतलं असं होईल.

अंक मोजायला स्ट्रिंग करायची गरजच नाही. घातांक गुणिले २ चा १० पायाचा लॉग, त्याचा पूर्णांक भाग, अधिक १. दोनच्या घाताच्या शेवटी कधी शून्य येत नाही, म्हणून एक वजा केल्याने अंकांची संख्या बदलत नाही. मुलांकडून हे सिद्ध करून घ्या.

रात्रपाळी

वरच्या उत्तराशी सहमत. फक्त एक भर घालतो, कारण असा बदल पहिल्यांदाच झालेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.९.२ आणि ३.८.८ आल्या, तेव्हा पत्त्यातले पॅरामीटर वेगळे करणारं पार्स_क्यूएस बदललं. आधी अँपरसँड आणि अर्धविराम दोन्ही विभाजक चालायचे, नंतर फक्त अँपरसँड. मधला कॅशे सर्व्हर (पानांच्या प्रती साठवून देणारा) एकच पत्ता एका तऱ्हेने वाचतो आणि पायथॉन दुसऱ्या, या फरकाचा फायदा घेऊन कॅशेमध्ये भलतंच पान घुसवता येत होतं. कारण अगदी योग्य.

पण मी सांभाळतो त्या एका जुन्या रिपोर्ट यंत्रणेतल्या लिंका अर्धविरामाने जोडलेल्या होत्या. ए=१;बी=२ असं आलं की ए ची किंमत '१;बी=२' आणि बी गायब. एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही, रिपोर्ट मात्र चुकीच्या गाळणीतून निघत राहिले. सेपरेटर हा नवा पॅरामीटर देऊन भागलं. म्हणून सांगतो, तुमच्याकडे निदान एरर आली. जो बदल गप्प बसून उत्तर बदलतो त्याची मला जास्त धास्ती आहे, आणि त्यासाठीच तिसरा आकडा बदलला तरी मी बदलांची यादी पूर्ण वाचतो. सुरक्षा हे शीर्षक असलेला भाग सर्वांत आधी.

पोर्ट_४४३

पायथॉन २.७.९ आठवा, डिसेंबर २०१४. एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या) तपासणी त्या आवृत्तीपासून आपोआप होऊ लागली, त्याआधी होतच नव्हती. स्वतःच सही केलेली प्रमाणपत्रं वापरणारे अंतर्गत सर्व्हर एका दिवसात नाकारले गेले. अनेकांनी तपासणीच बंद केली आणि ती ओळ कोडमध्ये तशीच राहून गेली. आपलं प्रमाणपत्र विश्वासाच्या यादीत घालणं हा खरा उपाय होता. मर्यादा शून्य करून सोडून देणं मला त्याच जातीचं वाटतं, म्हणून ७००० हाच सल्ला बरोबर.

अंकपंक्ती

सर्वांचे मनापासून आभार. ७००० लावलं, संख्या छापली गेली. हेक्समधली एफची रांग पाहून वर्गात बराच वेळ चर्चा झाली, आणि लॉगची सिद्धता दोन मुलींनी फळ्यावर करून दाखवली.

एक शंका राहिली. घरी विंडोजवर ३.९.१३ आहे. तिथे जुना प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, पण नवी ओळ घातलेला ॲट्रिब्यूटएरर देतो. ३.९.१४ टाकावं म्हटलं तर इन्स्टॉलर सापडत नाही.

जुनी_लायब्ररी

३.९.१३ मध्ये मर्यादाच नाही, त्यामुळे ती बदलणारं फंक्शनही नाही. दोन्हीकडे चालायला हवं असेल तर हॅजअॅट्र(सिस, 'सेट_इंट_मॅक्स_स्ट्र_डिजिट्स') तपासा आणि असेल तरच ती ओळ चालवा. आवृत्तीच्या आकड्याशी तुलना करू नका. हा बदल चार शाखांत वेगवेगळ्या आकड्यांवर आला आहे, त्यामुळे ती अट लांबलचक होईल आणि कुठेतरी फसेल.

इन्स्टॉलर शोधत बसू नका, तो निघालेलाच नाही. ३.९.१३ नंतर ती शाखा फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती उरली, आणि अशा शाखेचा नुसता सोर्स कोड प्रसिद्ध होतो, तो स्वतः कंपाइल करावा लागतो. घरच्या मशीनवर सरळ ३.१० ची, इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती टाका, म्हणजे दोन्हीकडे एकच वागणूक राहील.