शिलोहचं तळं आधी दुसरंच दाखवायचे
कुणीतरी म्हणतं की श्रद्धा असली की झालं, उत्खननाने यात्रेकरूला काय फरक पडतो. अर्धंच पटतं. शिलोहचं तळं बघा ना, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूने डोळ्यांना चिखल लावून पाठवलेला जन्मांध माणूस जिथे डोळे धुऊन आला ते. जेरुसलेममध्ये शेकडो वर्षं पाणी आणणाऱ्या जुन्या बोगद्याच्या तोंडाशी असलेलं छोटं कुंडच दाखवायचे आणि २००४ मध्ये ड्रेनेजच्या पाइपचं काम चालू असताना जवळच मूळ तळ्याच्या दगडी पायऱ्या लागल्या, थेट येशूच्या काळातल्या!

चर्चच्या ग्रुपबरोबर गेलो तेव्हा त्या पायऱ्यांवर बसून तो अध्याय वाचला, आईला मोतीबिंदूमुळे अंधुक दिसायचं, ती हाताने पायरी चाचपत होती. डोळ्यांना चिखल लावलेला तो माणूस गावातून इथवर कसा उतरला असेल, हे मला तिथेच पहिल्यांदा जाणवलं.