एक्स्चेंजला आलोय, आता इथेच डिग्री पूर्ण करता येईल का?

ड्रेस्डेनचा_पुणेकर: पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या एका सेमिस्टरसाठी जर्मनीत ड्रेस्डेनला. इथल्या लॅबमध्ये जे हाताळायला मिळतंय, ते सोडून परतायला जीव होत नाहीये. ओळखपत्र, खोली, विमा सगळं आहेच, मग ट्रान्स्फर का मिळू नये? आई म्हणते, हातातली डिग्री सोडू नकोस.

आखेनकर: थेट ट्रान्स्फर नसते, मित्रा. एक्स्चेंजचा प्रवेश मुदतीबरोबर संपतो. नव्याने अर्ज कर. हिवाळी सेमिस्टरसाठी बऱ्याच ठिकाणी शेवटची तारीख १५ जुलै असते. अनेक विद्यापीठं कागद युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घेतात, पहिल्या अर्जाचे ७५ युरो.

सई_जर्मनी: मी दुसऱ्या वर्षात असताना एक्स्चेंजला आले आणि नंतर इथेच प्रवेश घेतला, म्हणून सविस्तर लिहिते.

पुण्यात दोन वर्षं झाली म्हणजे इथे पाचव्या सेमिस्टरला बसवतील, असं धरून चालू नकोस. परीक्षा समिती एकेक विषय जुळवून बघते: काय शिकवलं, किती तास, किती क्रेडिट. इथे एका सेमिस्टरचे ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, धरतात. माझं गणित आणि थर्मोडायनॅमिक्स मान्य झालं, मशीन ड्रॉइंग नाही, कारण कॉलेजने दिलेल्या अभ्यासक्रमात तासच लिहिलेले नव्हते. तेव्हा प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, तासांसकट, शिक्का मारून आत्ताच मागवून घे. कुणाला तरी घरून कॉलेजात पाठव, नुसत्या ईमेलवर हे काम हलत नाही.

भाषेचं काय? एक्स्चेंजला इंग्रजीतले विषय निवडता येतात, पण इथल्या सरकारी विद्यापीठांत इंजिनिअरिंगची बॅचलर बहुतेक जर्मनमधूनच असते. टेस्टडाफ किंवा डीएसएच-२ ही जर्मन भाषेची परीक्षा लागेल.

पैशांचं म्हणशील तर ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. फी बहुतेक राज्यांत नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो.

आणखी एक, हे कुणी आधी सांगत नाही. इथे रीतसर प्रवेश घेतल्यावर एखाद्या सक्तीच्या विषयात परीक्षेच्या सगळ्या संधी संपल्या, तर तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. पुण्यासारखी नापास विषयाची केटी देत राहता येत नाही.

माझं मत विचारशील तर आईचं ऐक. माझी दोनच वर्षं पणाला होती, तुझी तीन आहेत. बीई पूर्ण करून मास्टर्सला ये. ती इंग्रजीतून भरपूर आहेत आणि तीच लॅब मिळेल.

ड्रेस्डेनचा_पुणेकर: ताई, माझं जर्मन बी१, म्हणजे मधल्या पातळीचं आहे. मास्टर्ससाठी इथून निघण्याआधी काय करून ठेवू?

सई_जर्मनी: ट्रान्सक्रिप्टची सही-शिक्क्याची प्रत घे. ज्यांच्या लॅबमध्ये रमलास, त्या प्राध्यापकांना समक्ष भेट आणि बीईच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यांच्याकडे करता येईल का, ते विचार. पुण्यात तुझ्या गाइडची परवानगी लागेल, त्यांनाही आजच लिही.