मदत हवी आहे: गेलिक (स्कॉटलंडची एक जुनी भाषा) स्थळनावांची नोंद कोणत्या रूपाखाली करायची?

स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचे ओढे, टेकड्या, वाड्या यांच्या नावांची एक्सेल यादी करतेय. ऐंशीएक नावं झालीत. शेजारच्या आजोबांचे उच्चार फोनवर रेकॉर्ड केलेत, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या नावांच्या वह्याही ऑनलाइन चाळल्या. ‘बेन’ म्हणजे डोंगर, ‘इन्व्हर’ म्हणजे नदीचं मुख, इथवर सोपं होतं.

अडलंय पुढे. पाणचक्कीला साधारण ‘मुलन’ म्हणतात, पण ‘चक्कीचा ओढा’ म्हणताना ‘आल्ट अ व्हुलिन’ होतं. आपल्या सामान्यरूपात शब्दाचं शेपूट बदलतं, इथे डोकंच! मग रकान्यात मूळ शब्द लिहू की ऐकलेलं रूप?

दुसरं, कार्बोस्ट, स्कीबोस्ट या गावनावांतलं ‘बोस्ट’ मुळात नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं, शेतवस्ती या अर्थाचं. आजोबा मात्र त्याची गेलिक गोष्ट रंगवून सांगतात, आणि ती मला टाकवत नाही.

माझं गेलिक जुजबी आहे, ध्वनिलिपी येत नाही, म्हणून उच्चार देवनागरीतच लिहितेय. यादी नंतर इथल्या लोकांना द्यायचीय. गावनावांवर काम केलेल्यांनी सांगा: शोधायला सोपं पडावं म्हणून मुख्य नोंद कोणत्या रूपाखाली करता? आणि लोकव्युत्पत्ती त्याच ओळीत ठेवता की वेगळ्या रकान्यात?