तीन कॅमेऱ्यांची मालिका ते एका कॅमेऱ्याचा चित्रपट: दिवसाचं गणित कसं मांडायचं?

फ्लोअर_चार:
रोजची मालिका तीन कॅमेऱ्यांवर करणाऱ्या दिग्दर्शकाने पहिला चित्रपट एका कॅमेऱ्यावर करायचा, तर शेड्यूल कसं आखावं? संहिता ९६ पानांची, शूटिंगचे दिवस ३०, बहुतेक सीन एकाच घरातले. मालिकेत दिवसाला वीसेक पानं उरकतात, त्यामुळे दिवसाला सव्वातीन पानं म्हणजे चैनच वाटते. डीओपी (छायाचित्रण दिग्दर्शक) मात्र म्हणतो, दिवस कमी पडणार. कोणाचं खरं? आणि मालिकेतल्या कुठल्या सवयी आधी मोडायच्या?

की_लाइट:
डीओपीचं खरं आहे. पानं मोजूच नका, सेटअप मोजा, म्हणजे कॅमेरा आणि लाइट किती वेळा नव्याने लावावे लागतील ते.

दोघांच्या साध्या संवादाला एक मास्टर (अख्खा सीन दाखवणारा रुंद शॉट), दोन ओव्हर-द-शोल्डर (एकाच्या खांद्यावरून दुसरा) आणि दोन क्लोज (नुसता चेहरा) असे पाच सेटअप लागतात. लाइट, रिहर्सल आणि तीन-चार टेक मिळून एकेका सेटअपला ४० मिनिटं धरा. १२ तासांच्या शिफ्टमधून जेवण आणि सकाळचं पहिलं लाइटिंग वजा केलं की हातात १० तास राहतात, म्हणजे १५ सेटअप. सव्वातीन पानांचा एकच सीन असता तर दुपारी पॅकअप झालं असतं. पण तसं क्वचितच असतं. तेवढ्या पानांत तीन-चार छोटे सीन येतात आणि कोटा तिथेच संपतो. त्यातून 'तो अंधारात येतो, कपाट उघडतो, पत्र शोधतो' अशी ओळ आली की संपलंच. ब्रेकडाउनमध्ये (संहितेची सीनवार फोड) ती पानाचा एक अष्टमांश दिसते आणि खाते सहा सेटअप. आधी संहितेतल्या अशा बिनसंवादाच्या ओळींवर लाल खूण करा.

मालिकेत तीन बाजूंनी कॅमेरे बघत असतात, म्हणून वरून सपाट लाइट टाकून ठेवलेला असतो आणि तो दिवसभर चालतो. एका कॅमेऱ्यावर प्रत्येक शॉटला लाइट बदलतो. सगळ्यात महाग पडतं ते कॅमेरा उलट्या बाजूला फिरवणं. म्हणून खिडकीच्या दिशेचं जेवढं आहे तेवढं, पुढच्या सीनमधलंसुद्धा, एकदम काढा आणि मगच फिरा. अमेरिकन दिग्दर्शक सिडनी लुमेट टीव्हीतूनच चित्रपटात आले. '१२ अँग्री मेन' (१९५७) जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो, आणि त्यांनी तो असाच, एकेका खुर्चीच्या बाजूने, क्रम सोडून शूट केला.

फ्लोअर_चार:
क्रम सोडला तर नटांचा चढउतार कसा राखायचा?

की_लाइट:
तालमीने. लुमेटनी आधी दोन आठवडे तालीम घेतली होती. शिवाय कंटिन्युटीला, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय का हे टिपायला, हुशार माणूस हवा. 'चहा पितो' एवढी नोंद कुचकामी आहे. 'कप उजव्या हातात, "पण" या शब्दावर खाली, कपाचा कान नटाकडे' अशी हवी. नाहीतर क्लोजमधला कप मास्टरला जुळत नाही आणि नेमका चांगला टेक टाकून द्यावा लागतो.

त्याच चित्रपटात कॅमेरा सुरुवातीला नजरेच्या वर आहे, मग नजरेच्या पातळीवर, शेवटी खाली. लेन्सही लांब (दूरचं जवळ आणणाऱ्या) होत जातात. खोली तीच, पण भिंती जवळ येतात आणि शेवटी छत दिसायला लागतं. तुमच्या एका घरासाठी असला काहीतरी निर्णय शूटिंगच्या आधी कागदावर हवा. मालिकेचा लूक आधीच ठरलेला असतो, इथे तो तुम्हीच ठरवायचा.

जोडकाम:
एडिट टेबलावरून सांगते. मालिकेतली पहिली मोडायची सवय म्हणजे वाक्य संपल्या संपल्या 'कट' म्हणणं. मनात तीन मोजा. संवादानंतरचा चेहरा हाच बऱ्याचदा वापरायचा शॉट असतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. एकाचा क्लोज चालू असताना कॅमेऱ्यामागचा नट त्याच्या वाक्यावर चढून बोलला की दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर अडकतात आणि तिथे कट घेता येत नाही. क्लोजमध्ये वाक्यांत बारीक फट ठेवा. चढाचढ मला टेबलावर करता येते. प्रत्येक जागेचा नुसता शांत आवाज ३० सेकंद घ्या, फ्रिज बंद करून. (आणि फ्रिज पुन्हा चालू करायला कोणाला तरी आठवणीने सांगा.)

तिसरी, ब्रेकसाठी लिहिलेला शेवट. मालिकेत सीन धक्क्यावर तोडतात, कारण पुढे जाहिरात असते. चित्रपटात पुढचा सीन लगेच येतो आणि तोच धक्का उसना वाटतो. प्रत्येक सीनची शेवटची दोन वाक्यं झाकून वाचा. अर्थ लागत असेल तर ती काढा. पान वाचेल आणि सेटअपही.

उभा_आडवा:
वरच्या सगळ्याला +१. फक्त एक राहिलं: करारात पहिल्या कटचे, म्हणजे दिग्दर्शकाने स्वतः करून घ्यायच्या पहिल्या संकलनाचे, दिवस लिहून घ्या. अमेरिकेत डायरेक्टर्स गिल्डच्या (दिग्दर्शकांची संघटना) नियमांत तासाभराच्या एपिसोडला दिग्दर्शकाच्या कटसाठी चार दिवस मिळतात, आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटाला साधारण दहा आठवडे. मालिकेतून आलेला माणूस चार दिवसांच्या हिशेबाने सही करतो आणि मग निर्मात्याचा कट हाच चित्रपट ठरतो. आठवडे आकड्यात लिहा, आणि ते शूटिंग संपल्यापासून मोजायचे की असेंब्ली (सगळे शॉट क्रमाने लावलेली कच्ची जुळणी) हातात आल्यापासून, तेही लिहा.