घरकामात मुलांचा वाटा : आपापले अनुभव

घरातील कामांत मुलांनी हातभार लावावा असे बहुतेक पालकांना वाटते. पण कोणते काम, कोणत्या वयात आणि कसे सोपवावे, याबाबत प्रत्येक घराचा अनुभव निराळा असतो. नुसता सल्ला न देता आपल्या घरी कोणते काम मुलांच्या अंगवळणी पडले आणि कोणते मागे पडले, हे सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करते.

माझा मुलगा चालायला लागल्यापासून, मी केर काढू लागले की झाडू ओढू लागे. ही नुसती लुडबुड नसते, हे मला फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगांविषयी वाचल्यावर पटले. अनोळखी माणसाच्या हातून एखादी वस्तू पडली आणि त्याचा हात तिथवर पोहोचत नसला, तर दीड वर्षाची बहुतेक मुले कोणी न सांगता, बक्षिसाची अपेक्षाही न ठेवता ती उचलून देत होती. म्हणून झाडू काढून घेण्याऐवजी आम्ही त्याच्या उंचीला बेताचा झाडू आणि सुपली आणली. आज तो सहा वर्षांचा आहे आणि स्वतःच्या खोलीचा केर काढतो. त्यात कोपरे राहतात, पण मी त्याच्या देखत पुन्हा केर काढत नाही. राहिलेला कोपरा त्यालाच दाखवते.

*

आमच्या दोन्ही मुलींना घरकामाचे पैसे द्यायचे नाहीत, हे आम्ही पती-पत्नींनी आधीच ठरवले होते. वर उल्लेखलेल्या संशोधकांनीच २००८ मध्ये दाखवले, की मदतीबद्दल खेळणे मिळालेली वीस महिन्यांची मुले, नुसती शाबासकी मिळालेल्या किंवा काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे कमी मदत करू लागली. खाऊचे पैसे मुलींना मिळतात, परंतु त्यांचा कामाशी संबंध नाही.

वाळलेल्या कपड्यांच्या घड्या हे काम मात्र पूर्णपणे त्यांचे आहे. धाकटी मोज्यांच्या जोड्या लावते आणि रुमाल दुमडते. थोरलीला शर्टाची घडी शिकवताना मी न बोलता, अगदी सावकाश करून दाखवली : बटणे लावून शर्ट उपडा अंथरायचा, दोन्ही बाह्या पाठीवर वळवायच्या, हाताने सुरकुत्या सारख्या करायच्या आणि मग खालची कड वर आणायची. कमी बोलून हळू करून दाखवण्याची ही पद्धत इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांची. त्यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या ‘बालगृह’ या लहान मुलांच्या शाळेत धुणे-पुसणे, बटणे लावणे अशा कामांना शिक्षणातच स्थान होते. शिकवायला वेळ लागतो हे खरे, आणि घाईच्या सकाळी तो मिळत नाही. म्हणून नवे काम आम्ही सुट्टीच्या दिवशीच शिकवतो.

*

किशोरवयीन मुलाला “जरा मदत कर” म्हटले की काहीच होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी त्याचे कपडे ही सर्वस्वी त्याची जबाबदारी केली : यंत्रात टाकणे, वाळत घालणे, आणून ठेवणे. एकदा खेळाच्या सामन्याच्या सकाळी गणवेश ओलाच होता. मी तो इस्त्रीने वाळवून दिला नाही. तेव्हापासून तो आदल्या दिवशी दोरीवर हात लावून पाहतो.

*

मी आजी आहे, आणि इथे एका गोष्टीकडे कळकळीने लक्ष वेधते. युनिसेफने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, जगभरात ५ ते १४ वयाच्या मुली त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा घरकामावर ४० टक्के अधिक वेळ घालवतात. काम सोपवताना आपण नकळत “हिला जमते” म्हणून नातीलाच हाक मारतो आणि नातवाला बाहेरची किरकोळ कामे सांगतो. आमच्याकडे आता भांडी विसळणे, ओटा पुसणे आणि कचरा बाहेर ठेवणे ही कामे दर आठवड्याला दोघांत आलटून-पालटून फिरतात आणि यादी नातवंडे स्वतःच लिहितात. ओटा नातू अधिक स्वच्छ पुसतो, कारण तो आधी सगळे सामान बाजूला काढून घेतो. ही पद्धत आता नातही वापरते.