मदत हवी आहे: तीन जनुकांचं चक्र डोलतच नाही, सरळ रेष येते (तातडीचं)

अर्धवट_बायो
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी रिप्रेसिलेटरचं, म्हणजे एकमेकांचं उत्पादन गोलात दाबणाऱ्या तीन जनुकांच्या चक्राचं मॉडेल करतोय. जोडणी मूळ पेपरात आहे तश्शीच आहे: लॅकआय दाबतो टेटआरला, टेटआर दाबतो सीआयला, सीआय परत लॅकआयला. तिघांची पातळी आळीपाळीने वरखाली व्हायला हवी. माझ्या ग्राफमध्ये तिन्ही रेषा एकावर एक बसतात, थोड्या चढतात आणि आडव्या होऊन तशाच राहतात. रचना बरोबर असेल तर काम पण बरोबर व्हायला हवं ना? सोमवारी गाइडना दाखवायचंय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, "गूगल करून बघ" नको.

खडू_फळा
समीकरणं टाक. एमआरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) वेगळं धरलंयस की थेट प्रथिन? हिल गुणांक (दाबणं किती खाडकन होतं तो आकडा) किती? ऱ्हासाचे दर? सुरुवातीचे आकडे?

जुना_सर्किटवाला
हा सरळ सरळ रिंग ऑसिलेटर आहे. तीन नॉट गेट (इशारा उलटा करणारी) गोल जोडा, डोलणारच. विषम संख्या पाहिजे फक्त. चार जोडलीत तर एका बाजूला जाऊन बसतात, हलत नाहीत. पॉलिटेक्निकला आम्ही ७४०४ चिपवर हे डोळे मिटून करायचो. कुठेतरी बाण उलटा लागलाय तुझा, बघ.

अर्धवट_बायो
बाण बरोबर आहेत हो काका, वर लिहिलंय. आणि समीकरणं नेहमीचीच आहेत.

खडू_फळा
नेहमीची म्हणजे कोणती?

कोडबहाद्दर
पायथनमध्ये करतोयस का? सॉल्व्हर बदल. मॅटलॅब वापर, असले प्रॉब्लेम येतच नाहीत.

पेट्रीडिश
सॉल्व्हरचा काय संबंध? आणि सर्किटवाले काका, नॉट गेट शून्यावरून एकावर खाडकन जातं. प्रमोटर, म्हणजे जनुकाचा स्विच, तसा जात नाही, तो हळूहळू दबतो. एलोविट्झ आणि लायब्लर यांनी २००० साली ई. कोलाय जिवाणूमध्ये हे चक्र बसवलं तेव्हा नुसते बाण जोडून भागलं नव्हतं. प्रमोटर जोरकस पण दाबला की घट्ट बंद होणारे निवडले. प्रथिनांना शेपट्या लावल्या, पेशीने ती लवकर तोडावीत म्हणून, कारण प्रथिन फार टिकाऊ आणि एमआरएनए अल्पायुषी असेल तर डोलणं अवघड होतं. यातलं काहीही बाणांच्या आकृतीत दिसत नाही. इतकं करून जेमतेम ४० टक्के पेशी डोलताना दिसल्या. एक फेरा सुमारे १६० मिनिटांचा आणि पेशी विभागायची तासाभरात, म्हणजे एक लाट पुरी व्हायला दोन-तीन पिढ्या.

विदर्भवासी
चांगली माहिती. आमच्या घरी आजोबांपासून सगळ्यांना शुगर आहे. मुलाची जनुकांची तपासणी करून घ्यावी का? साधारण खर्च किती येतो?

मोटिफ_प्रेमी
@विदर्भवासी, वेगळा धागा काढा की राव.
@पेट्रीडिश, असहमत. रचनेतच सगळं आहे. उरी अलोन यांच्या गटाने २००२ मध्ये ई. कोलायच्या जनुकांचं जाळं मांडलं होतं, ४२४ ऑपेरॉन (एकत्र चालणारे जनुकांचे गट) आणि ५१९ जोडण्या. त्यात फीड-फॉरवर्डचे त्रिकोण (पहिला दुसऱ्याला चालवतो, आणि दोघंही तिसऱ्याला) निघाले ४० च्या आसपास. त्याच जोडण्या पिसून यादृच्छिक जाळी केली तर सातेकच मिळतात. मग हा आकार उत्क्रांतीने उगाच जपला का? अरॅबिनोज साखर पचवणाऱ्या जनुकांचं उदाहरण घ्या. सीआरपी हा नियामक स्वतः जनुकावर बसतो आणि अरॅक या दुसऱ्या नियामकामार्फतही काम करतो, दोघंही हजर लागतात. त्यामुळे इशारा आला तर चालू व्हायला उशीर, इशारा गेला की लगेच बंद. क्षणभराच्या खोट्या इशाऱ्याला पेशी फसत नाही. हे त्रिकोणाचं काम आहे.

पेट्रीडिश
"दोघंही हजर लागतात", हे तुम्हीच लिहिलंत. हे त्रिकोणात कुठे काढलंय? फ्लॅजेलाच्या (जिवाणूच्या पोहायच्या शेपटीच्या) जनुकांवर हाच त्रिकोण आहे, तिन्ही बाण वाढवणारेच. फक्त तिथे दोघांपैकी एक असला तरी चालतं. परिणाम उलटा: चालू लगेच, बंद व्हायला उशीर. शेपटी फिरवणारी मोटर बांधताना इशारा मध्येच डगमगला तरी काम थांबत नाही. आकार तोच, वागणं वेगळं. Guet आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्येच लॅकआय, टेटआर, सीआय याच तिघांना वेगवेगळे प्रमोटर लावून १२५ प्लास्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) केले. जोडणी सारखी असूनही काही परिपथांची लॉजिकच वेगळी निघाली.

मोटिफ_प्रेमी
अपवाद सगळीकडेच असतात. इतक्या वेळा एकच आकार येतो, त्याचं काय?

पेट्रीडिश
अपवाद? २००८ मध्ये इसालान यांच्या गटाने ई. कोलायच्या नियामक जनुकांना भलत्याच जनुकांचे प्रमोटर जोडून सुमारे ६०० नव्या जोडण्या केल्या. त्यातल्या जवळपास ९५ टक्के जिवाणूंनी मुकाट सहन केल्या. जाळ्याचा प्रत्येक बाण इतका मोलाचा असता तर बहुतेक मेले असते.

मोटिफ_प्रेमी
जगणं आणि नीट काम करणं यात फरक असतो. एवढंच बोलतो.

अर्धवट_बायो
माझ्या प्रश्नाचं कोणी बघेल का? घ्या आकडे. थेट प्रथिन, एमआरएनए नाही. हिल गुणांक १. ऱ्हास तिघांचा १. उत्पादन दर १०. सुरुवात तिन्हींची शून्य. साधं ठेवायला सरांनीच सांगितलंय.

खडू_फळा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. दोन भानगडी आहेत.

एक, तिन्ही जनुकांची समीकरणं हुबेहूब सारखी आणि सुरुवातही सारखी. मग ती वेगळी होतील कशाला? गणितात कायम एकत्रच चालणार, म्हणून तुझ्या रेषा एकावर एक बसतात. खऱ्या पेशीत रेणूंची संख्या आपोआप थोडी मागेपुढे असते, तिथे हे अडत नाही. तू १, २, ३ असं काहीतरी दे.

दोन, नुसतं तेवढं करून भागणार नाही. सारख्या ऱ्हासाच्या तीन टप्प्यांच्या चक्राला डोलायचं तर स्थिर बिंदूपाशी तिन्ही उतारांचा गुणाकार ८ च्या वर लागतो, म्हणजे प्रत्येकी २ च्या वर. उतार म्हणजे एक प्रथिन एक टक्का वाढलं तर पुढच्याचं उत्पादन किती टक्के घटतं ते. हा उतार हिल गुणांकापेक्षा मोठा होऊच शकत नाही. १ ठेवून जन्मभर चालवलंस तरी सरळ रेषच येणार. ३ कर, मग उत्पादन दर साधारण ३.८ च्या वर गेला की डोलेल, तुझा १० पुरेल. एमआरएनए धरलंस आणि त्याचं आयुष्य प्रथिनाइतकंच ठेवलंस तर गुणांक १.३३ च्या थोडा वर असला तरी जमतं. दोघांची आयुष्यं एकमेकांपासून जितकी दूर जातील तितकी ही अट पुन्हा २ कडे सरकते. प्रथिनांना शेपट्या का लावल्या ते यावरून कळेल.

जुना_सर्किटवाला
पण विषम संख्या हवीच ना? तो आकाराचाच नियम झाला.

खडू_फळा
हवीच, नुसतं दाबणाऱ्यांचं चक्र असेल तर. ऋण चक्राशिवाय (फिरून शेवटी स्वतःलाच दाबणाऱ्या) टिकून डोलणं नाही, हे जीवशास्त्रज्ञ रेने टोमा १९८१ पासून सांगत होते. पण चक्र आहे म्हणून डोलेलच असं ते म्हणाले नव्हते.

कोडबहाद्दर
मॅटलॅबमध्ये पटकन दिसलं असतं.

अर्धवट_बायो
गुणांक ३ आणि सुरुवात १, २, ३ देऊन चालवलं. डोलतंय. आता गाइड विचारतायत, एक प्रमोटर बदलला तर काय होईल? लवकर सांगा.

खडू_फळा
कोणता?