स्टेप फाइल उघडली की फीचर ट्रीच नाही, कास्टिंगसाठी बदल करायचे कसे?

उद्यमबाग_पॅटर्न: कस्टमरनं पंप बॉडीची स्टेप फाइल (एका कॅडमधून दुसऱ्यात ३डी मॉडेल न्यायचा फॉरमॅट) पाठवलीय, सॉलिडवर्क्समध्ये उघडली तर फीचर ट्रीत (मॉडेल कसं बनवलं त्या पायऱ्यांची यादी) नुसतं ‘इंपोर्टेड’ दिसतंय, ना स्केच ना एक्स्ट्रूड. फ्लँजच्या फेसला ३ एमएम मशिनिंग अलाउन्स (नंतर मशीनवर कापायला जादा धातू) द्यायचाय, बोअर (आतलं गोल भोक) बारीक करायचाय. परत पहिल्यापासून काढत बसू काय?

खानापूरकर: नको रे भावा. स्टेपमधून बहुतेक वेळा नुसता सॉलिडच येतो, तो कसा काढला हा इतिहास येत नाही. थेट फेस धरून हलव, ‘मूव्ह फेस’मध्ये ऑफसेट ३ टाक, शेजारचे फेस आपोआप वाढून नवीन फेसला भिडतात. फिलेट (दोन फेसमधल्या कडेची गोलाई) मध्ये आला की मात्र एरर देतंय, कारण त्या गोलाईला दोन्ही फेसना टँजंट राहायचं असतं, म्हणून आधी ‘डिलीट फेस’मध्ये ‘डिलीट अँड पॅच’ करून फिलेट उडव, मग फेस हलव, शेवटी फिलेट परत दे. ग्रे आयर्न असेल तर साधारण १ टक्का श्रिंकेज स्केल (धातू थंड होताना आकसतो म्हणून मॉडेल तेवढं मोठं करणं) सगळ्यात शेवटी, नायतर कास्टिंगवर ३ चे २.९७च का उरले म्हणून डोकं खाजवत बसशील.

निपाणीचा_पाहुणा: सॉलिड एजमध्ये २००८ पासून सिंक्रोनस (इतिहास नसला तरी थेट फेस ओढायची सोय) आहे की, तिथं हेच काम लई सोपं जातंय. पण एकाच बॉडीचे पाच साईज काढायचे असतील तर पॅरामेट्रिकच (माप बदललं की मॉडेल आपोआप बदलतं ते) बरं, फेस ओढत कोण बसणार?

उद्यमबाग_पॅटर्न: झालं हो, फिलेटच आडवा येत होता! बोअरचं आता बघूलालोय.